पोलिसांचं जुनं पिस्तूल स्वस्तात?

उसाचं बिल हातात पडलं की कुणीतरी हळूच कानाशी लागतो, ‘खात्यातनं निघालेलं पिस्तूल हाय, स्वस्तात देतो.’ त्याला दारातनंच वाटेला लावा. पोलिसांचं ९ एमएम पिस्तूल निषिद्ध बोअरचं. तुमच्याकडं साधा परवाना असला तरी ते ठेवता येत नाही. सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं कैद. अमेरिकेत पोलिसांची वापरलेली पिस्तुलं दुकानात मिळतात म्हणे, मिळोत बापडी.

जुनं हत्यार घ्यायला बंदी नाही. परवानाधारकाकडनं घेता येतं. पण आधी तुमचा परवाना हवा, तो ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडनं, सोलापूर शहरात पोलीस आयुक्तांकडनं. विकणाऱ्यानं पोलीस ठाण्यात लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. हत्यारावरचा नंबर परवान्याशी ताडून बघा. घाई करणारा माणूस संशयाचाच.

आणि खरं सांगा, मका लोळवणाऱ्या रानडुकरांपुढं पिस्तूल काय कामाचं? पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या कायद्यातच आहे. अर्थात बंदूक हाती आली म्हणून जनावर मारायची मोकळीक मिळत नाही. २०२० साली करमाळ्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हाही वनखात्याच्या आदेशानंतरच गोळी झाडली गेली.

परवान्यासाठी खेटे घालून चपला झिजतात, म्हणून माणूस चोरवाट धरतो, हे साहेबांनीही ध्यानात घ्यावं. अर्ज नाकारायचा तर नाकारा, पण कारण लिहून वेळेत कळवा. पोलीस पाटलांनीही गावात असला विक्रेता फिरताना दिसला तर पाहुणा म्हणून चहा पाजू नये, ठाण्याला कळवावं.