फुटत्या लाटेचे क्षेत्रफळ

बांध फुटतो आणि कोंडलेले पाणी उसळत धावते. संगणकात रचलेल्या अशा प्रवाहात पाण्याचा पृष्ठभाग क्षणोक्षणी किती वाढला, हे मोजावे कसे? २००२ साली प्रथम खुली झालेली ‘पॅराव्ह्यू’ ही आज्ञावली या कामी पुष्कळ वापरतात. प्रवाहाचा प्रदेश लहान घरांत विभागलेला असतो. प्रत्येक घरात पाण्याचा अंश ० ते १ असा नोंदलेला. अंश ०.५ होतो तेथून ‘कंटूर’ने पृष्ठ काढावे, ‘इंटिग्रेट व्हेरिएबल्स’ने त्याच्या तुकड्यांची बेरीज करावी, ‘प्लॉट डेटा ओव्हर टाइम’ने कालानुसार आलेख मांडावा. झाले!

पण कित्येक जण निम्म्याहून भरलेली अख्खी घरेच निवडतात आणि त्यांची बाहेरची बाजू मोजतात. ती बाजू जिन्यासारखी असते. १ मीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण १.४१ मीटर, त्यावरून उतरणाऱ्या पायऱ्यांची लांबी मात्र २ मीटर, मग पायऱ्या कितीही बारीक करा. घरे लहान केल्याने ही चूक ओसरत नाही, आणि आलेख तर मोठा डौलदार दिसतो! मला विचाराल, वाचकहो, तर आधी ज्ञात त्रिज्येचा गोल मोजून पाहावा. बारीक चौकोनी घरांतही जिन्याची रीत तेथे जवळजवळ दीडपट क्षेत्रफळ सांगते.