टायर घरी बदलावा की दुकानात?

झाशी हे नाव उच्चारताच मराठी माणसाला राणी लक्ष्मीबाईंचे स्मरण होते. घोड्यांच्या टापांनी एके काळी दुमदुमलेल्या या परिसरात आज मोटारसायकली धावतात. श्रीनगर ते कन्याकुमारी हा 44 क्रमांकाचा आणि पोरबंदर ते सिल्चर हा 27 क्रमांकाचा, असे दोन राष्ट्रीय महामार्ग झाशीजवळ एकमेकांना मिळतात. दूध घालणारा, फेरीवाला, दूरच्या गावी शिकवायला जाणारी शिक्षिका अशा अनेकांची रोजची कमाई दोन चाकांवर अवलंबून असते. म्हणून झिजलेला टायर घरी बदलावा की दुकानदाराला मजुरी देऊन बदलून घ्यावा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी विचार करण्याजोगा आहे.

घरी टायर बदलण्याच्या बाजूने पहिला मुद्दा मांडला जातो तो पैशांचा. परंतु हा हिशेब नीट तपासला पाहिजे. या कामाला योग्य मापाचे पाने, टायरची कड उचलण्याच्या लोखंडी पट्ट्या आणि हवेचा पंप लागतो. टायर काही दर महिन्याला बदलावा लागत नाही. एकाच मोटारसायकलसाठी ही सारी हत्यारे विकत घेतली, तर वाचलेल्या मजुरीतून त्यांची किंमत भरून निघायला बराच काळ लागेल.

दुसरा मुद्दा कौशल्याचा आहे. टायरची कड रिमवरून निघते ती केवळ जोराने नव्हे. एका बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरली, की समोरच्या बाजूला ढिलाई मिळते आणि तेथून टायर सुटतो. ही युक्ती ठाऊक नसलेला माणूस पट्टीवर सारे बळ लावतो आणि आतली ट्यूब फाडून ठेवतो. बिनट्यूबच्या टायरचे काम तर याहून कठीण असते. त्याची कड रिमला घट्ट बसण्यासाठी हवेचा जोराचा झोत लागतो आणि तो साध्या पायपंपाने सहसा मिळत नाही. रिमच्या कडेला खोल ओरखडा गेला, तर तेथून हवा झिरपत राहते.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, तो म्हणजे जिवाचा. मागचे चाक परत बसवताना साखळीचा ताण योग्य राहिला पाहिजे, दोन्ही बाजूंच्या खुणा जुळल्या पाहिजेत, आसाचा नट पुरेसा आवळला गेला पाहिजे आणि ब्रेकची जोडणी पूर्ववत झाली पाहिजे. यांतील एक गोष्ट राहून गेली, तर तिची किंमत मजुरीच्या रकमेत मोजता येत नाही.

मग सारे दुकानदारावर सोपवून आपण निश्चिंत व्हावे काय? माझे मत तसे नाही. काम दुसऱ्याने केले, तरी वाहन चालवणारे आपणच असतो. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर टायर त्याच दिशेने बसला आहे ना, हे पाहावे. टायरच्या बाजूवर चार अंक छापलेले असतात. त्यांतील पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. 1523 असे असेल, तर तो टायर 2023 सालच्या पंधराव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. अक्षरओळख झालेला कोणीही हे वाचू शकतो. जुना साठा नवा म्हणून गळ्यात पडू नये, यासाठी एवढी साक्षरता पुरेशी आहे.

काही कामे मात्र प्रत्येकाने स्वतः शिकून घ्यावीत. झाशीच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्याही वर जातो. हवा कमी असलेला टायर चालताना अधिक दबतो, त्यामुळे तापतो आणि अखेर फुटू शकतो. म्हणून सकाळी, टायर थंड असताना हवा तपासावी. बिनट्यूबच्या टायरचे छोटे पंक्चर चाक न काढता रबरी पट्टी खोचून बुजवता येते. भर दुपारी निर्मनुष्य रस्त्यावर हेच ज्ञान उपयोगी पडते.

तेव्हा टायर दुकानात बदलावा, पण जवळ उभे राहून, डोळे उघडे ठेवून बदलून घ्यावा. दुकानदाराच्या मजुरीत घासाघीस करू नये. त्याच्या हातातील कसब त्याने वर्षानुवर्षांच्या श्रमाने मिळवलेले असते. ज्याला या कामाची आवड वाटेल, त्याने अशाच एखाद्या जाणत्या कारागिराजवळ बसून ते रीतसर शिकावे. घरच्या एका मोटारसायकलसाठी न परवडणारी तीच हत्यारे मग त्याला पोटापाण्याचा व्यवसाय मिळवून देतील.