दागिना नको, घड्याळ हवं

महागड्या घड्याळाचं रडगाणं या अंकात कशाला, असं काही मैत्रिणींना वाटेल. पण बाईनं स्वतःच्या पैशानं घेतलेल्या वस्तूची तक्रार केली की ती कशी उडवून लावली जाते, हे मला या घड्याळामुळे नीट कळलं, म्हणून लिहिते आहे.

वर्षभर पगारातून पैसे बाजूला काढून मी एका नामांकित परदेशी कंपनीचं घड्याळ घेतलं. आठ महिन्यांत कडेचा सोनेरी मुलामा उडाला, काचेच्या आत वाफ धरू लागली. मागे ‘३० मीटर’ कोरलेलं आहे. त्याचा अर्थ ते घालून पोहता येईल असा नसतो. पण हात धुताना उडणारं पाणी तरी त्यानं सोसायला हवं. दुकानात उत्तर मिळालं, “मॅडम, लेडीज वॉच समारंभापुरतं घालायचं असतं.” वर विचारणा, “बिल साहेबांच्या नावावर आहे का?”

गोम इथेच आहे. पहिल्या महायुद्धाआधी युरोपात मनगटी घड्याळ हा मुख्यतः बायकांचा दागिना समजला जाई; पुरुष खिशातलं घड्याळ वापरत. युद्धात सैनिकांना हात मोकळे हवे होते. तेव्हा ते पुरुषांच्या मनगटावर चढलं आणि ‘उपकरण’ झालं. बायकांचं मात्र बहुतेक दागिनाच राहिलं. जाहिरातीत त्यांच्या घड्याळाच्या यंत्राचं कौतुक, आपल्या घड्याळाच्या खड्यांचं! पाळणाघर, लोकल, ऑफिस, दवाखाना हे सगळं काट्यावर सांभाळते ती कोण?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या बाजूनं आहे. घड्याळ भेट मिळालेलं असलं, तरी विकत घेणाऱ्याच्या संमतीनं ते वापरणारी बाई कायद्यानं ग्राहकच ठरते. म्हणजे ‘साहेबांना पाठवा’ या म्हणण्याला काही आधार नाही. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो.

मी लेखी तक्रार देऊन पोच घेतली आहे. तुम्हीही बिल स्वतःच्या नावावर घ्या, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का मागून घ्या, तक्रार तोंडी ठेवू नका. आज घड्याळासाठी पत्र लिहिलं, तर उद्या कुकरसाठी, परवा दवाखान्याच्या बिलासाठी लिहिताना हात अडखळणार नाही.