बेडूक कापावा लागेल म्हणून?



पर्युषणात एका घरी आम्ही बायका प्रतिक्रमणासाठी जमलो होतो. प्रतिक्रमण झाल्यावर गप्पा निघाल्या. आमच्यातल्याच एकीच्या नातीला बारावीनंतर प्राणिशास्त्र घ्यायचे आहे. सगळ्यांचे एकच म्हणणे पडले, "जैनाच्या पोरीने बेडूक कापायचे? त्यापेक्षा कॉमर्स घे म्हणावं." पोरगी मान खाली घालून बसली होती. मी स्वतः बी.कॉम. माझ्या वेळीही असेच ठरले होते, आणि मी हो म्हटले होते. त्या दिवशीही मी गप्पच राहिले. ते मनाला लागून राहिले, म्हणून आज लिहिते.

पहिली गोष्ट बेडकाची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली महाविद्यालयांतले प्राण्यांचे विच्छेदन बंद करायला सांगितले. आपण मात्र अजून आपल्या काळच्या प्रयोगशाळेलाच घाबरतो आहोत. प्रवेश घेताना कॉलेजात नीट विचारून घ्यावे, पण न विचारताच नाही म्हणू नये.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सृष्टीचा अभ्यास आपल्या धर्माच्या आड येतो का? मला वाटते, तो आपल्या धर्माला लागूनच आहे. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जिवांची विभागणी आपण लहानपणी पाठ केली. गांडूळ दोन इंद्रियांचे, मुंगी तीन, माशी आणि भुंगा चार. पण पाठ करणे वेगळे आणि बघणे वेगळे.

बघणाऱ्या बायका होऊन गेल्या. मारिया सिबिला मेरियन ही १६४७ साली जर्मनीत जन्मली. तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळून बघायला सुरुवात केली. किडे चिखलातून, घाणीतून आपोआप होतात, असे तिकडे तेव्हा बहुतेक लोक मानत. हिने अंडे, अळी, कोश आणि पतंग हा सगळा प्रवास डोळ्यांनी पाहिला आणि चित्रांत उतरवला. १६९९ साली, बावन्नाव्या वर्षी, धाकट्या लेकीला घेऊन ती जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली. तिथल्या कीटकांवरचे तिचे पुस्तक १७०५ साली निघाले. तिने किडे मारून नमुनेही ठेवले. ते मला पटत नाही आणि मी ते लपवणारही नाही. पण रेशमाच्या किड्याचे तिचे चित्र पाहिले आणि मला माझे कपाट आठवले. धागा अखंड मिळावा म्हणून कोश आतल्या जिवासकट उकळतात. लग्नातला शालू मी तीस वर्षे सणावाराला नेसले, आणि नेसायच्या आधी पाणी मात्र गाळून प्यायले. आता तो शालू नेसवत नाही आणि टाकवतही नाही.

आपल्या देशात जानकी अम्मल झाल्या. जन्म १८९७, केरळातल्या तलश्शेरीचा. १९३१ साली त्यांनी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे कोइम्बतूरला उसाच्या जातींवर काम केले. आपल्या चहात पडणाऱ्या साखरेमागे अशा बायकांचेही कष्ट आहेत. ऐंशीच्या घरात असताना त्या सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून बोलत होत्या.

आणि आपल्या पुण्याच्या डॉ. हेमा साने. गरवारे महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवले, झाडांवर मराठीत पुस्तके लिहिली, आणि बुधवार पेठेतल्या जुन्या घरात झाडे, पक्षी, मांजरे यांच्या सोबतीने विजेशिवाय राहिल्या. पगार होता, वीज घेता आली असती, पण गरज वाटली नाही. आपण परिग्रहाचे परिमाण करतो आणि दिवाळीला नवा मिक्सर आणतो. हे मी आधी स्वतःलाच सांगते आहे.

कोणी म्हणेल, आपण काय शास्त्रज्ञ थोडेच! पण विचार करा. कडव्या वालाला भुंगा कधी लागतो, रव्यात अळी किती दिवसांत होते, पावसाळ्यात कोणती पालेभाजी का टाळायची, हे घरात कोणाला ठाऊक असते? आपल्यालाच. जयणा पाळायची म्हणजे रोज सूक्ष्म बघावेच लागते. फरक इतकाच, की आपण बघून बाजूला करतो, त्या बघून लिहून ठेवत.

इथे नाट्याच्या आसपास भाद्रपदात सड्यावर निळीजांभळी फुले पसरतात. सीतेची आसवे म्हणतात त्यांना. त्या नातीनेच मला सांगितले, की ही इवलीशी रोपे ओल्या मातीतले सूक्ष्म जीव फुग्यांत पकडून खातात. एकेंद्रिय वनस्पती दुसरे जीव खाते! चाळीस वर्षे त्या सड्यावरून मी आले गेले, मला पत्ताच नव्हता. जांभा म्हणजे ओसाड कातळ, असेच मी धरून चालले होते. ओसाड समजलेली जागा कोणी खणली काय, जाळली काय, आपल्याला वाईट वाटत नाही. ज्याची ओळख नाही त्याची दया कशी येणार? म्हणूनच तर आपल्याकडे ज्ञानाची जागा दयेच्या आधी आहे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पोरीला प्राणिशास्त्र घेऊ द्या. जीव न दुखवता जिवांचा अभ्यास कसा करायचा, हे जैनाची मुलगी दाखवणार नाही तर कोण? तिच्या आजीला मी उद्या फोन करणार आहे. प्रतिक्रमणाच्या दिवशी गप्प बसले, त्याबद्दल त्या मुलीचीही क्षमा मागायची आहे.

तुमच्या घरात अशी एखादी मुलगी असेल, तर नाही म्हणायच्या आधी एकदा तिच्याबरोबर अंगणात जाऊन ती काय बघते ते बघा.

मिच्छामि दुक्कडम्.