श्वासाचे स्वावलंबन

दमा हा दवाखान्यापेक्षा घरात अधिक वास्तव्य करणारा आजार आहे. रुग्ण डॉक्टरांसमोर असतो तो वर्षातून काही मिनिटेच. पहाटेचा अवघड प्रहर त्याला स्वतःच्याच बळावर काढावा लागतो. त्यामुळे या व्याधीत रुग्णाचे शिक्षण हा उपचाराचाच भाग ठरतो आणि आपल्याकडे नेमका तोच उपेक्षित आहे. 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज'च्या २०१९ च्या अंदाजानुसार जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक आहे. ही तफावत अस्वस्थ करणारी आहे.

'पंपाची सवय लागते' हा समज सुशिक्षित कुटुंबांतही घट्ट रुजला आहे. वास्तविक पंपातील औषध थेट श्वासनलिकांत पोहोचते, म्हणून ते गोळीपेक्षा कितीतरी अल्प मात्रेत पुरते. तात्काळ आराम देणारा पंप वेगळा आणि श्वासनलिकांची सूज आटोक्यात ठेवणारा वेगळा, हेही अनेकांना ठाऊक नसते. केवळ आराम देणाऱ्या पंपावर विसंबू नये, असे 'जिना' ही दम्याविषयीची जागतिक संस्था २०१९ पासून बजावत आहे.

तथापि, माहितीपत्रक हाती देणे म्हणजे शिक्षण नव्हे. प्रौढ रुग्णांवरील ३६ चाचण्यांचा आढावा 'कॉक्रेन'ने घेतला. स्वतःच्या लक्षणांवर लक्ष ठेवणे, नियमित तपासणी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली कृतियोजना यांची जोड मिळाली, तेव्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग आणि कामाचे बुडालेले दिवस घटले. नुसत्या माहितीने दाखल होण्याचे प्रमाण घटले नाही.

ही योजना साधी असते. पीक फ्लो मीटरवर स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर नोंद असेल तर हिरवा पट्टा. ५० ते ८० मध्ये पिवळा, म्हणजे ठरल्याप्रमाणे औषध वाढवायचे. ५० च्या खाली लाल, म्हणजे आराम देणारे औषध घेऊन तातडीने रुग्णालय गाठायचे. ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात दम्याच्या १९५ मृत्यूंची छाननी झाली. त्यांपैकी जेमतेम २३ टक्के रुग्णांना अशी योजना मिळाली होती. संपन्न देशातही एका कागदाची उणीव राहते, ती अशी.

तेव्हा प्रत्येक दमेकऱ्याने डॉक्टरांकडून ही योजना मागून घ्यावी, त्यांच्यासमोर पंप ओढून दाखवावा आणि घरच्यांनीही तो कागद वाचून ठेवावा. वस्तीवस्तीत आरोग्यसेवा करणाऱ्या कार्यकर्त्यांनी शिबिरात औषधवाटपाबरोबर एवढे शिकवले, तरी अनेक घरांतील रात्री निर्धास्त होतील.