शास्तीमाफी कोणाच्या पदरात पडली?

पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. मालमत्ता कराची बिलं मात्र २०२१ मध्ये हाती आली, तीही २०१६ पासूनची, एकदम. खारघर, कळंबोली, कामोठ्यातले रहिवासी सिडकोला सेवाशुल्क भरत आले होते. त्यामुळे दुहेरी कराविरुद्ध लढा उभा राहिला, प्रकरण न्यायालयातही गेलं. इकडे थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती. ५,००० रुपये थकले, तर वर्षाला १,२०० रुपये दंड.

२०२५ च्या अभय योजनेत आधी ९० टक्के शास्ती माफ होती. मग तारीख पुढे सरकेल तशी माफी ७५, ५०, २५ टक्क्यांवर उतरली. ज्याच्या खात्यात पैसा तयार, त्याला सर्वांत मोठी सवलत. नाक्यावर उभा राहणारा दादा, घरकाम करणारी ताई उसनवारी करून पोहोचेपर्यंत माफी आटलेली. आणि ही माफी दंडातली. मूळ करात गरिबाला काय मिळालं?

१९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी हाच भेद दाखवला होता: प्राप्तिकराला किमान उत्पन्नाची मर्यादा आहे, शेतसारा मात्र लहानातल्या लहान शेतकऱ्यालाही सुटत नाही.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. पनवेलच्या वन रूम किचनने काय घोडं मारलंय? आपल्या वस्तीतली बिलं गोळा करून आम्ही हाच प्रश्न नगरसेवकांपुढे ठेवणार आहोत. येताना मूळ कर आणि शास्तीचे आकडे वेगवेगळे लिहून आणा.