एका अंगठीइतकी तरी नोंद ठेवा

मा. नियंत्रक,
खाद्य व औषधी प्रशासन, मध्य प्रदेश,
भोपाळ

महोदय,



हे पत्र जबलपूरच्या सराफ्यातून लिहीत आहे. त्याची हिंदी प्रत टपालाने आपल्या कार्यालयात येईलच. मराठीत अशासाठी लिहिते की ज्या सवयीबद्दल मला बोलायचे आहे ती इथल्या मराठी घरांतही आहे आणि नागपूर-अमरावतीकडच्या आमच्या नातेवाइकांच्या घरांतही. आपल्या माणसांना वगळून फक्त सरकारकडे बोट दाखवणे मला पटत नाही.

गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना सर्दी-खोकला झाला, अंगात ताप भरला. त्यांचे वय ७६. रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षे चालू आहे आणि त्या गोळीतच लघवीवाटे पाणी काढणारे औषध आहे. दोन दिवसांनीही ताप उतरेना, तेव्हा मी मुलाला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात पाठवले. ‘आजीसाठी अझिथ्रोच्या पाच गोळ्या आण,’ असे मीच सांगितले. कोविडच्या काळात हे नाव घरोघर पाठ झाले, तसे आमच्याकडेही झाले होते. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही. गोळ्या कोणासाठी, त्यांना आणखी काय चालू आहे, हेही विचारले नाही. अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमच्या पाच गोळ्यांची पट्टी दिली, वर पोटाला त्रास नको म्हणून पित्ताची एक कॅप्सूल दिली. बिल मागितले नाही, दिलेही नाही.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंना जुलाब सुरू झाले. ‘औषध गरम पडले असेल, ताक घ्या,’ असे मी म्हणाले. चौथ्या दिवशी सकाळची गोळी घेतल्यावर तासाभराने देवघरातून उठताना त्या कोसळल्या. दोन-तीन मिनिटांत शुद्धीवर आल्या, पण चेहरा पांढराफटक पडला होता.

रुग्णालयात ईसीजी काढला. डॉक्टरांनी कागदावरच्या दोन खुणांमधले अंतर बोटाने दाखवले. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी विजेच्या दृष्टीने पुन्हा सज्ज व्हावे लागते. त्याला किती वेळ लागतो हे ‘क्यूटी’ नावाच्या मापातून कळते. बायकांमध्ये ते साधारण ४६० मिलिसेकंदांच्या आत असावे लागते, ५०० च्या पुढे गेले की जिवाला धोका. सासूबाईंचे ५२० होते. अशा वेळी ठोके एकदम वेडेवाकडे, फार वेगाने पडू लागतात आणि मेंदूला रक्त पोचत नाही. कधी ते आपोआप सावरतात, कधी सावरत नाहीत. आमचे नशीब, सावरले.

हे कशाने झाले तेही डॉक्टरांनी सांगितले. अझिथ्रोमायसिन हे अंतर वाढवते. पित्ताच्या कॅप्सूलमध्ये डोमपेरिडोन होते, तेही वाढवते. रक्तदाबाच्या गोळीने लघवीतून पोटॅशियम जात होते, त्यात अझिथ्रोच्याच जुलाबांनी आणखी गेले. पोटॅशियम कमी झाले की अंतर पुन्हा वाढते. चारही गोष्टी एकाच म्हाताऱ्या हृदयावर एकाच आठवड्यात येऊन आदळल्या. अझिथ्रोमायसिनची गोळी थांबवली तरी लगेच सुटका नव्हती, कारण शरीरातले या औषधाचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ६८ तास लागतात. सलाईन, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि रात्रंदिवस मॉनिटर, असे चार दिवस काढून त्या घरी आल्या. जाताना डॉक्टर म्हणाले, ‘खोकला विषाणूचा होता. या गोळीची गरजच नव्हती.’ ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही.

महोदय, हे औषध वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. झाग्रेब शहरातल्या प्लिव्हा या कंपनीच्या संशोधकांनी १९८० साली ते शोधले. दिवसातून एकच गोळी, तीन ते पाच दिवस, पथ्याची फार कटकट नाही. काही प्रकारचा न्यूमोनिया, काही लैंगिक आजार, पेनिसिलिन न चालणाऱ्या रुग्णाच्या घशाचा संसर्ग, अशा ठिकाणी ते खरोखर उपयोगी पडते. बहुतेकांना मळमळ, पोटदुखी, पातळ शौच यापलीकडे त्रास होत नाही. क्वचित कावीळ होते, अंगावर पुरळ येते, फार दिवस मोठ्या मात्रेत घेतल्यास ऐकू कमी येते. मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायूंचा आजार असलेल्यांचा आजार बळावतो. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनबरोबर घेतल्यास रक्तस्रावाची भीती असते.

हृदयाबद्दल बोलायचे तर अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या रुग्णांचा मोठा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. अमॉक्सिसिलिन घेणाऱ्यांच्या तुलनेत अझिथ्रोमायसिनच्या दर १० लाख उपचारांमागे हृदयविकाराने ४७ मृत्यू जास्त आढळले. हृदयाचा धोका ज्यांना सर्वांत जास्त, त्यांच्या गटात हा आकडा २४५ होता. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमधल्या तरुण व मध्यमवयीन लोकांच्या अभ्यासात असा वाढीव धोका दिसला नाही. दोन्ही एकत्र वाचले की अर्थ लागतो. धडधाकट तरुणाला ही गोळी बहुधा काही करत नाही, तिचा धोका आमच्या सासूबाईंसारख्यांच्या वाट्याला येतो. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरांना हाच इशारा दिला. म्हणजे हा धोका ओळखायला मोठी यंत्रे लागत नाहीत. ‘गोळी कोणाला? आणखी काय चालू आहे?’ एवढे दोन प्रश्न लागतात, आणि नेमके तेच दुकानात कोणी विचारत नाही.

यापेक्षाही मोठी काळजी मला टायफॉइडची वाटते. पाणी गढूळ झाले की आपल्या गावाशहरांत टायफॉइड येतो, हे आपल्याला मी सांगायला नको. पूर्वी त्याला जी गोळी लागू पडायची, ते सिप्रोफ्लोक्सासिन आज भारतात बहुतेक ठिकाणी निकामी झाले आहे. पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ पासून टायफॉइडचा असा जिवाणू पसरला की त्यावर तोंडाने घेण्याच्या औषधांपैकी एकटे अझिथ्रोमायसिन उरले. त्यालाही दाद न देणारा टायफॉइडचा जिवाणू बांगलादेशात सापडल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि नंतर भारतातही तो आढळला. हेही हातचे गेले तर टायफॉइडच्या पोराला घरी गोळी देऊन भागणार नाही, शिरेतून इंजेक्शने देण्यासाठी रुग्णालयात ठेवावे लागेल. रोजंदारीवर जगणाऱ्या आईबापांना ते कसे परवडणार? आणि हे औषध आपण घालवतो आहोत ते टायफॉइडवर नव्हे, साध्या सर्दीवर.

किती घालवतो, त्याचाही हिशेब आहे. भारतातल्या खासगी औषधविक्रीच्या २०१९ च्या आकड्यांवरचा अभ्यास २०२२ साली ‘लॅन्सेट’च्या आग्नेय आशियाविषयीच्या नियतकालिकात आला. सर्व प्रतिजैविकांत सर्वाधिक खपलेला एकच प्रकार होता, अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमची गोळी. एकूण खपात तिचा वाटा ७.६ टक्के होता. त्यानंतर कोविड आला आणि ही गोळी घराघरांत पोचली. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांनी कोविडवर तिचा उपयोग नाही असे दाखवून दिले, पण सवय गेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाला जपून वापरण्याच्या यादीत ठेवले आहे, आणि आपण मात्र ते खडीसाखरेसारखे वाटतो आहोत.

आता कायद्याचे बोलते. अझिथ्रोमायसिन ‘अनुसूची एच’मध्ये आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ ही आणखी कडक अनुसूची लागू आहे. तिच्यातल्या औषधांसाठी दुकानदाराला वेगळी वही ठेवावी लागते, त्यात डॉक्टर, रुग्ण, औषध आणि किती दिले ते लिहावे लागते, आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. सेफिक्झिम त्या यादीत आहे, लेव्होफ्लोक्सासिन आहे. २०१९ मध्ये देशात सर्वांत जास्त खपलेली प्रतिजैविकाची गोळी, अझिथ्रोमायसिन, मात्र त्या यादीत नाही.

मी राहते त्या सराफ्यात रोज काय दिसते ते सांगते. सुनरहाईच्या गल्लीत अर्ध्या तोळ्याची अंगठी घ्या. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची वेगळी ओळख कोरलेली असते. भिंग लावून ती वाचता येते, मोबाइलवर तपासता येते. सुरुवातीला आमच्या सराफांनी कुरकुर केली, आज तेच गिऱ्हाइकाला ती खूण आपणहून दाखवतात. त्याच गल्लीच्या तोंडाशी औषधाचे दुकान आहे. तिथून ७६ वर्षांच्या बाईचे हृदय थांबवू शकणारी गोळी जाते, तिचा मागमूस कुठेच राहत नाही. अंगठी खोटी निघाली तर पैसे बुडतात. गोळी चुकली तर माणूस जातो.

दुकानदारांची बाजू मला ठाऊक आहे. चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. आणि सराफ्यातल्या भट्टीवर बसणाऱ्या कारागिराने डॉक्टरकडे जायचे म्हणजे फी द्यायची आणि त्या दिवसाची मजुरीही बुडवायची, त्यापेक्षा पाच गोळ्या स्वस्त. ही अडचण खरी आहे, म्हणून नुसते छापे घालून भागणार नाही. मुख्यमंत्री संजीवनी क्लिनिक शहरांत उघडली आहेत. ती काम सुटल्यावर, संध्याकाळी उशिरापर्यंत चालू राहतील यासाठी आपण आरोग्य खात्याकडे शब्द टाकावा. आणि नियम सर्व दुकानांना सारखा लावला, तर चिठ्ठी मागणाऱ्याचे गिऱ्हाईक पळून जाणार तरी कुठे?

२०२५ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यात विषारी खोकल्याच्या औषधाने २० हून अधिक लेकरे गेली. तेव्हा सगळा देश हादरला. ते औषधच विषारी होते. आमच्या घरात आलेले औषध शुद्ध होते, वापर चुकला. शुद्ध औषधाने झालेल्या इजेवर मोर्चे निघत नाहीत, बातम्या येत नाहीत. तिच्या नोंदीसाठी देशाचा औषध-दक्षता कार्यक्रम आहे, १८००-१८०-३०२४ हा त्याचा नि:शुल्क क्रमांक आहे, सामान्य माणूसही त्यावर कळवू शकतो. हे मला सासूबाईंच्या आजारपणात पहिल्यांदा समजले. किती दुकानांत तो क्रमांक दिसतो?

महोदय, प्रतिजैविकांबाबत राज्याचा स्वतःचा कृती आराखडा करण्यात केरळनंतर मध्य प्रदेश दुसरा. तो जुलै २०१९ मध्ये जाहीर झाला, याचा मला अभिमान आहे. केरळने पुढे जाऊन २०२४ मध्ये ‘ऑपरेशन अमृत’ नावाने दुकानांच्या अचानक तपासण्या सुरू केल्या आणि प्रतिजैविके वेगळ्या निळ्या पाकिटात द्यायला लावली. आपण मागे का राहावे? माझ्या मागण्या चार आहेत.

पहिली, अझिथ्रोमायसिन ‘एच-१’मध्ये घ्यावे अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. तोवर जबलपूरपासून सुरुवात करून दुकानदारांना या औषधाचीही वहीत नोंद ठेवायला सांगावे.

दुसरी, एक पट्टी असो की एक गोळी, प्रतिजैविकाच्या प्रत्येक विक्रीचे बिल झालेच पाहिजे.

तिसरी, प्रत्येक दुकानात मोठ्या हिंदी अक्षरांत फलक असावा. ‘हृदयाचा आजार आहे का? कधी शुद्ध हरपली होती का? दुसरी कोणती औषधे चालू आहेत? यकृताचा त्रास आहे का?’ आणि खाली तो नि:शुल्क क्रमांक.

चौथी, २०१९ च्या आराखड्यातले काय झाले आणि काय राहिले, याचा हिशेब दरवर्षी लोकांपुढे ठेवावा.

वाचकांनाही माझी हात जोडून विनंती आहे. डॉक्टरांनी ही गोळी दिलीच तर चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या त्यांच्यापुढे ठेवा, रक्तदाबाची, पित्ताची, मानसिक आजाराची, सगळ्या. अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचे पित्तशामक आणि ही गोळी यांत दोन तासांचे अंतर ठेवा. सांगितले तितकेच दिवस घ्या, मनाने वाढवू नका, कमी करू नका. धडधड झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, डोळे पिवळे दिसले किंवा जुलाब थांबेनात, तर वाट पाहू नका, डॉक्टर गाठा. आणि सर्दीसाठी डॉक्टरांकडे प्रतिजैविकाचा हट्ट धरू नका.

त्या पाच गोळ्यांतली एक उरली होती. पुढच्या तापाला होईल म्हणून मी एरवी ती डब्यात ठेवून दिली असती. परवा पट्टी हातात घेऊन पहिल्यांदा नीट पाहिली, तर तिच्यावर उभी लाल रेघ छापलेली आहे. ‘चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ असे सांगणारी ही रेघ सरकारने २०१६ मध्ये लोकांना ओळखायला सांगितली होती. ती आमच्या घरात चार दिवस देवघराच्या फळीवर होती. दुकानदाराने ती रेघ बघितली नाही, माझ्या मुलाने नाही, मीही नाही. माझी चूक मी मान्य करते आणि यापुढे माझ्या घरात ती होणार नाही. पण ती रेघ पाहायला लावण्याचे काम एकट्या घराचे नाही, ते आपल्या कार्यालयाचे आहे. ते आपण कधी हाती घेणार, एवढेच मला आपल्याकडून ऐकायचे आहे.

आपली नम्र,
सराफा, जबलपूर येथील एक रहिवासी